रॉकवाल्यांचा पैसा आणि भिंतीवरची चित्रं : धंतोलीतल्या एका कार्यशाळेबद्दल

घरात गिटार वाजवणारं, स्वतःची गाणी रचणारं पोरगं असेल तर त्याला या कार्यशाळेला पाठवा, आणि जमलं तर सोबत स्वतःही बसा. मी बसले. फी मोठ्यांना ८०० रुपये, कॉलेजच्या मुलांना ४००. शनिवार-रविवार संध्याकाळी, नागपूरच्या धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. विषय ‘रॉकस्टार एवढी महाग चित्रं घेतात, तो पैसा येतो कुठून?’ जाऊबाई म्हणाल्या, “काय करायचं गं आपल्याला त्या गोऱ्या लोकांच्या पैशाचं?” मला त्यांना जे तोंडी नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

मी वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती. गणपती, शारदोत्सव, लग्नाचं संगीत, कंपन्यांचे कार्यक्रम. आमचा हिशेब सरळ आहे. नाइट झाली की पाकीट मिळतं. नाइट नाही तर पाकीट नाही. मे महिन्यात ताप घेऊन पंचेचाळीस डिग्रीत वाजवलंय मी, कारण न वाजवता पैसे मिळण्याची दुसरी कुठलीच सोय आमच्या धंद्यात नव्हती. मुलाचा चौघांचा बँड आहे, ते स्वतःची मराठी-हिंदी गाणी करतात. त्यांनी माझ्या पाकिटावर जगू नये, एवढ्या एका इच्छेनं मी नाव नोंदवलं.

शिकवणारे सर सीए आहेत, साठीच्या आसपासचे, आणि हौसेनं चित्रं विकत घेतात. सुरुवात त्यांनी आकड्यांनी केली नाही, हे मला फार आवडलं. पडद्यावर एक चित्र लावलं. नुसते रंगांचे थर, एकमेकांवर ओढलेले, खरवडलेले. गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराचं. ते चित्र इंग्लिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या मालकीचं होतं. क्लॅप्टननं २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अशी तीन चित्रं मिळून साधारण ३४ लाख डॉलरला घेतली. २०१२ मध्ये त्यांतलं एकच लंडनला विकलं, २ कोटी १३ लाख पौंडांना. तेव्हाचे ३ कोटी ४२ लाख डॉलर. हयात चित्रकाराच्या चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. उरलेली दोन २०१३ आणि २०१६ मध्ये गेली, प्रत्येकी दोन कोटी डॉलरच्या वर.

“विकून मिळालेलं सोडा,” सर म्हणाले. “आधीचे ३४ लाख त्याच्याकडे कसे आले, ते सांगा.” पोरं एका सुरात ओरडली, “कॉन्सर्ट!”

मग कॉन्सर्टचा हिशेब फळ्यावर मांडला, आणि हा भाग मला सगळ्यांत जवळचा वाटला, कारण यातली प्रत्येक ओळ मी मंडपाच्या मागे उभं राहून पाहिली आहे. तिकिटाच्या पैशातून आधी मैदानाचं भाडं, साउंड, लाइट, ट्रक, माणसं, विमा, जाहिरात वजा. उरलेल्यात मोठ्या कलाकाराचा वाटा ८५-९० टक्क्यांपर्यंत जातो, आयोजकाला दहा-पंधरा. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, हे सरांना सांगावं लागलं नाही. आमच्या रांगेतल्या ढोलकीवाल्या काकांनीच ते मोठ्यानं सांगितलं. कलाकाराच्या वाट्यातून पुढे मॅनेजरचे १५-२० टक्के, एजंटचे दहाएक, मग वकील, हिशेबनीस, बँडमधली वाटणी आणि शेवटी कर. इंग्लिश गायक एल्टन जॉनचा निरोपाचा दौरा २०१८ ते २०२३ असा चालला आणि तिकिटांचे जवळजवळ ९४ कोटी डॉलर जमले. टी-शर्ट, पोस्टर यांची विक्री वेगळीच. एवढ्या सगळ्या वजाबाक्यांनंतरही त्यातून चित्रं घेता येतात, यात शंका नाही. पण असा दौरा करणारे जगात मोजके, आणि त्यांनाही दर संध्याकाळी स्टेजवर चढावंच लागतं.

खरी गोष्ट चहानंतर आली. (चहा उत्तम, सोबत गरम आलूबोंडे. फीमध्येच.) एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग. गाणं लिहिणाऱ्याचं, रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कंपनीचं. कंपनी सुरुवातीला जे पैसे देते ती उचल असते. ती आणि स्टुडिओचा खर्च कलाकाराच्या रॉयल्टीतून फिटेपर्यंत त्याच्या हातात पुढचा पैसा येत नाही. लिहिणाऱ्याचा पैसा मात्र वेगळ्या वाटेनं येत राहतो. रेडिओवर लागलं, जाहिरातीत वापरलं, दुसऱ्या कुणी गायलं, की त्याचा वाटा निघतो. अमेरिकेत तर साध्या रेडिओवर गाणं वाजलं की लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला काहीच नाही. हे ऐकून मी दोनदा विचारलं, खरंच काहीच नाही? काहीच नाही. आजच्या स्ट्रीमिंगची वाटणी वेगळी, पण गाणाऱ्याच्या हाती तिथेही थेट येत नाही. स्पॉटिफाय आपल्या उत्पन्नाचा दोन-तृतीयांशाच्या आसपासचा भाग हक्कदारांना देतं, आणि त्यातला मोठा हिस्सा रेकॉर्डिंगच्या मालकाकडे जातो. मालक कंपनी असली तर कंपनीकडे.

यावर सरांनी ‘द पोलिस’ या बँडचं उदाहरण दिलं आणि हॉलमधली सगळी पोट्टी एकदम गप्प झाली. त्यांचं १९८३ चं गाजलेलं गाणं, ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’, सगळ्यांच्या कानात आहे. त्यातली गिटार अँडी समर्सनं वाजवलेली. गाण्यावर लेखक म्हणून नाव मात्र एकट्या स्टिंगचं. १९९७ मध्ये तीच गिटार उचलून अमेरिकेत एक नवं गाणं झालं आणि ते जगभर पहिल्या नंबरावर गेलं. लेखनाचे पैसे स्टिंगला. २०२२ मध्ये स्टिंगनं आपली सगळी गाणी युनिव्हर्सल या संगीत कंपनीला विकली, आणि २०२५ मध्ये समर्स आणि ड्रमर स्टुअर्ट कोपलंड रॉयल्टीसाठी लंडनच्या न्यायालयात गेले. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही तिघांचा हिशेब मिटलेला नव्हता. याच्या विरुद्ध टोकाला यूटू हा आयरिश बँड. त्यांच्या गाण्यांवर संगीतकार म्हणून चौघांचं मिळून एकच नाव, बँडचं. १९८९ मध्ये त्यांनी बँड म्हणूनच ज्याँ-मिशेल बास्किया या अमेरिकी चित्रकाराचं एक चित्र घेतलं, ते डब्लिनच्या स्टुडिओत लावलं, आणि २००८ मध्ये लंडनला ५१ लाख पौंडांना विकलं. वाटणीही एकत्र, चित्रही एकत्र. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, पण घरी जाताना पंचशील चौकापर्यंत आमचं बोलणं याच्यावरच.

मेटॅलिका या बँडचे टी-शर्ट घातलेली दोघंतिघं होती, त्यांच्यासाठी त्याच बँडचा लार्स उलरिक. ड्रमर असूनही बँडच्या गाण्यांवर लेखक म्हणून त्याचं नाव आहे, हा पहिला मुद्दा. २०१२ च्या अखेरीस बँडनं आपल्या रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडून परत मिळवले आणि स्वतःचं लेबल काढलं, हा दुसरा. उलरिकनं २००२ मध्ये स्वतःकडचं एक बास्किया ५५ लाख डॉलरला विकलं आणि २००८ मध्ये दुसरं १ कोटी ३५ लाखांना. बास्किया १९८८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला होता. हे सर फक्त ओघात बोलून गेले. मला तिथे थांबायला हवं होतं असं वाटलं.

पहिल्या दिवसाचा शेवट इंग्लिश गायक डेव्हिड बोवीनं, आणि इथे सर सीए असल्याचा फायदा पुरेपूर मिळाला. १९९७ मध्ये बोवीनं आपल्या २५ जुन्या अल्बमच्या येणाऱ्या रॉयल्टीवर रोखे काढले, म्हणजे कर्ज उभारलं. साडेपाच कोटी डॉलर, दहा वर्षं, ७.९ टक्के व्याज. प्रुडेन्शियल विमा कंपनीनं ते घेतले. काटोलकडचा शेतकरी संत्र्याचा बहर झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देतो आणि बाग स्वतःकडे ठेवतो, तसा हा दहा वर्षांच्या बहराचा सौदा. सरांनी हे उदाहरण दिल्यावर ढोलकीवाले काका म्हणाले, “आता समजलं बाप्पा.” बोवीला हे करता आलं, कारण हक्क त्याच्या हातात होते. आणि आलेल्या पैशातला काही भाग त्यानं कशावर घालवला? जुन्या मॅनेजरकडे अडकलेला, आपल्याच गाण्यांमधला हिस्सा सोडवण्यावर. पुढे सीडींचा खप पडला, २००४ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेनं या रोख्यांचा दर्जा खाली आणला, तरी २००७ मध्ये ते मुदतीत फिटले आणि बहर पुन्हा मालकाच्या हाती आला.

बोवी गेल्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडनला त्याच्या संग्रहाचा दोन दिवस लिलाव झाला. ३ कोटी २९ लाख पौंड. त्यातलं बास्कियाचं चित्र एकटं सुमारे ७१ लाख पौंडांना गेलं. १९९५ मध्ये त्यानं ते ७८,५०० पौंडांना घेतलं होतं. हे रोख्यांच्या दोन वर्षं आधीचं आहे, तेव्हा कर्ज काढून चित्र घेतलं असा अर्थ काढू नका. हॉलमध्ये काही जणांनी तसाच काढला आणि सरांनी तो दुरुस्त करायला हवा होता.

इथवरच्या भागाला माझ्याकडून पूर्ण गुण. आता दुसरा दिवस.

रविवारी चित्रांचा व्यवहार होता आणि तिथे कार्यशाळा लंगडी पडली. प्रोजेक्टरचे रंग फिके, पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलत होता, आणि सर एकेक चित्र दाखवून लगेच त्याच्या किमतीच्या आलेखाकडे जात होते. घेतलं केवढ्याला, विकलं केवढ्याला, वर्षाला किती टक्के. मला मान्य आहे की विषय पैशाचा आहे. पण क्लॅप्टननं रिश्टरच का घेतला? बोवी एका चित्रकला मासिकाच्या संपादक मंडळावर होता, चित्रकारांच्या मुलाखती घेत होता. त्याच्या लिलावात चित्रकार ऑएरबाखची जाड रंगांची डोकी होती, इटालियन डिझायनर सोटसासच्या रंगीबेरंगी वस्तू होत्या. एल्टन जॉननं १९९१ मध्ये, दारू सुटल्यावर, फोटो घ्यायला सुरुवात केली आणि आज त्याच्याकडे सात हजारांच्या वर फोटो आहेत. लंडनच्या टेट मॉडर्ननं आणि व्हीअँडए संग्रहालयानं त्यांची प्रदर्शनं भरवली. नुसत्या व्याजासाठी कोणी सात हजार फोटो जमवत नाही. हा माणूस रोज त्या फोटोंसमोर उभा राहत असणार. त्याबद्दल अर्धा तास तरी हवा होता.

आणि नागपूरचं नावच नाही! चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये या शहरात जन्मले. दुसरे मोठे चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. ला जाण्याआधी नागपूरच्या कला शाळेत शिकले. गायतोंडे उत्तरायुष्यात दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये एका लहानशा बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले, फार थोडी चित्रं केली आणि २००१ मध्ये गेले. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, २०२५ मध्ये दुसरं ६७ कोटी ८ लाखांना. हे मी उभं राहून सांगितलं, कारण रिश्टरचं नाव पाठ करणाऱ्या आमच्या पोरांना हे माहीत नव्हतं, आणि मला ते सहन झालं नाही.

मग मी सरांना विचारलं, “क्लॅप्टनला २ कोटी १३ लाख पौंड मिळाले. त्यात रिश्टरला काय मिळालं?”

सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ताई, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही.” उत्तर मात्र त्यांना माहीत होतं. इंग्लंडात पुनर्विक्रीवर चित्रकाराला हिस्सा मिळतो, पण एका विक्रीला जास्तीत जास्त १२,५०० पौंड (२०१२ मध्ये १२,५०० युरो होते), किंमत कितीही होवो. न्यूयॉर्कमध्ये तेवढाही नाही. आपल्याकडे काय, हे त्यांना सांगता येईना. मागे बसलेल्या लॉच्या मुलीनं मोबाइलवर कायदा उघडून वाचून दाखवला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५३-अ : मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, दहा टक्क्यांपर्यंत. हॉलमध्ये दोन चित्रकार बसले होते. दोघांनीही कलमाचा नंबर वहीत लिहून घेतला.

माझ्यासाठी दोन दिवसांतलं सगळ्यांत मोलाचं हेच. गाणं लिहिणाऱ्याला त्याचं गाणं म्हातारपणापर्यंत, आणि मागे मुलांनाही, पैसे देत राहतं, कारण तसा कायदा लोकांनी भांडून करून घेतला आहे. त्याच पैशातून तो ज्याचं चित्र घेतो, त्या चित्रकाराला बहुधा एकदाच पैसे मिळतात. सरांनी हे दोन धागे जोडून शिकवले तर ही कार्यशाळा दुप्पट मोलाची होईल.

आपल्याकडच्या कायद्याचा तास थोडक्यात उरकला, पण चांगला होता. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा पक्का केला की कंपनीनं कागदावर सही घेतली तरी तो सुटत नाही. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर बोलले होते. पैसे गोळा करणारी संस्था आयपीआरएस, तिथे सभासद व्हावं लागतं. आपोआप काही येत नाही. आमच्या उपयोगाचं आणखी एक : तिकिटाच्या कार्यक्रमात सिनेमाची गाणी वाजवली तर आयोजकाला परवाना लागतो, लग्नातल्या समारंभाला कायद्यानं सूट आहे. म्हणजे मी इतकी वर्षं लग्नांत ज्यांची गाणी वाजवली त्यांना त्यातलं काही गेलं नसणार. तिकिटाच्या कार्यक्रमांना आमच्या आयोजकांनी परवाना काढला की नाही, हे यापुढे मी विचारणार आहे.

आता व्यवहाराचं. धंतोलीत दवाखान्यांमुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, ऑटोनं या. दोन्ही दिवस सुरू व्हायला उशीर झाला, वीस-पंचवीस मिनिटं. माइक नाही, मागे बसू नका. पायऱ्या उंच आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी फोन करून विचारा, खालच्या खोलीत सोय होते म्हणे. हाती मिळणारी पुस्तिका मात्र पैसे वसूल करणारी आहे. त्यात मराठीत करारनाम्याचा नमुना आहे, कुठल्या अटीवर सही करायची नाही हे ठळक छापलंय, आणि शेवटी एक कोरं हिस्सापत्रक : गाण्याचं नाव, शब्द कोणाचे किती टक्के, चाल कोणाची किती टक्के, तारीख, सगळ्यांच्या सह्या.

मुलाच्या बँडनं ते पत्रक त्याच रात्री आमच्या घरी भरायला घेतलं. तीन गाण्यांवर पटकन एकमत झालं. चौथ्यावर अडलं. शब्द आणि चाल माझ्या मुलाची, पण लोक ज्यावर नाचतात तो मधला तुकडा बेसवाल्या पोराचा. त्याला किती? मुलगा दहा म्हणाला, तो पंचवीस म्हणाला. “काकू, तुम्ही सांगा,” म्हणाले. मी सांगितलं नाही. मी त्यांना तो तुकडा वगळून गाणं वाजवायला लावलं आणि मग त्याच्यासकट. मग वीस ठरलं, आणि सह्या झाल्या.

पुढच्या बॅचची घोषणा झालेली नाही. सर, हे वाचत असाल तर एक विनंती आहे. रविवारचा पहिला तास एखाद्या चित्रकाराला द्या. आपल्या शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथे शिकवणारी माणसं आहेत. त्यांना एकच चित्र घेऊन येऊ द्या, खरं, प्रोजेक्टरवरचं नाही. आणि त्यांना हेही विचारा की त्यांनी विकलेली चित्रं आज कुणाच्या घरी आहेत आणि पुन्हा विकली गेली तेव्हा त्यांना कोणी कळवलं का. फी हजार केलीत तरी मी जाऊबाईंना घेऊन येईन.